अंगणातल्या दिव्याचा जमाखर्च

घराबाहेर रात्रीचा दिवा लावावयाचा तर त्याला खर्च किती येईल, हा प्रश्न विजेच्या दुकानात विचारावयाचा आहे, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर नव्हे, असे कोणासही वाटेल. दुकानदार त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो. तो खोक्यावरची किंमत वाचतो, तीत थोडी सूट सांगतो आणि ‘वायरमन पाठवू का?’ म्हणून विचारतो. परंतु आमचे म्हणणे असे, की खोक्यावर छापलेली रक्कम हा ह्या खर्चाचा सर्वांत लहान भाग होय. खरा खर्च तो दिवा किती तास जळतो आणि भिंतीवर कसा बसविला जातो ह्यांत दडलेला असतो. आणि एवढे मोजून आपण जी सुरक्षितता विकत घेऊ पाहतो ती पदरात पडते की नाही, हे तर त्या उजेडात कोणाला काय दिसते ह्यावर ठरते. तेव्हा हा हिशोब थोडा सावकाश मांडू.

आपल्या पणजोबांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. वाड्याचे अंगण वाड्याच्या आत असे. दिंडीदरवाजा रात्री अडसर घालून बंद केला, की चौकातला काळोख हा घरचाच काळोख होई. त्याचे भय कोणी बाळगीत नसे. बाहेरचा उजेड ही नगरपालिकेच्या कंदिलाची बाब. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ साली. लहान गावांतल्या ओसरीपर्यंत वीज पोचावयास त्यानंतर पाऊणशे, कोठे कोठे शंभर वर्षे लागली. दरम्यान वाडे गेले आणि बंगले आले. बंगल्याने एक उलथापालथ केली, तिकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. जे अंगण चार भिंतींच्या आत होते, ते ह्या नव्या घरात चार भिंतींच्या बाहेर जाऊन बसले. कमरेएवढे कुंपण, एक लोखंडी फाटक, बाजूला चार फुटांचा बोळ आणि मागे परसू, इतकी सगळी जागा रात्री उघडी. बाहेरच्या दिव्याची गरज निर्माण झाली ती येथून. चोर वाढले म्हणून नव्हे, तर अंगण बाहेर गेले म्हणून.

ह्या गरजेला प्रदीर्घ काळ एका गोष्टीने आळा घातला होता, ती म्हणजे विजेचे बिल. जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम विसावा हिस्सा उजेडात बदलतो आणि बाकीची उष्णता म्हणून फुकट घालवितो. त्यामुळे ओट्यावरचा ६० वॉटचा बल्ब दहाच्या ठोक्याला मालविणे हा घरोघरचा नेम होता, आणि तो न पाळणाऱ्या मुलांना बोलणी खावी लागत. पुढे निळा प्रकाश देणारा एल.ई.डी. तयार झाला, त्यावरून पांढरा दिवा करता आला, आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच पुढल्या वर्षी, २०१५ मध्ये, केंद्र सरकारने ‘उजाला’ योजनेतून हे दिवे स्वस्तात वाटावयास प्रारंभ केला. आज पूर्वीच्या ६० वॉटच्या बल्बाइतका उजेड ७ ते ९ वॉटचा दिवा देतो. म्हणजे बाहेरच्या दिव्याचा खर्च सातव्या हिश्शावर यावयास हवा होता.

तो आला नाही. आम्ही ज्या ज्या नव्या वसाहतींतून रात्री हिंडलो, तेथे फाटकावर ७ वॉटचा दिवा क्वचित पाहिला. तेथे असतो तो ५० वॉटचा, कधी १०० वॉटचा झोताचा दिवा, ज्याला दुकानात ‘फ्लड लाइट’ म्हणतात. आणि तो संध्याकाळी लागतो तो सकाळी दूधवाला आल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येऊन बंद होतो. दिवा स्वस्त झाला तशी आपली काटकसर सुटली. पूर्वी चार तास ६० वॉट जळत असत; आता बारा तास ५० वॉट जळतात. शास्त्रज्ञांनी वाचविलेली वीज आपण फाटकावर उधळून टाकली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता आकडे मांडू. विजेचा एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तासभर. आपल्या अक्षांशांवर वर्षाची सरासरी रात्र १२ तासांची धरावी. डिसेंबरात ती सुमारे १३ तासांची होते आणि जूनमध्ये ११ तासांहून थोडी कमी. समजा, पुढे एक व मागे एक असे ५० वॉटचे दोन दिवे रात्रभर जळतात. एका रात्रीचे १.२ युनिट, महिन्याचे ३६ आणि वर्षाचे ४३८. विजेचे दर वरचेवर बदलतात, म्हणून केवळ हिशोबापुरता युनिटाला १० रुपये दर धरू. वर्षाचे ४,३८० रुपये झाले आणि पाच वर्षांचे २१,९००. ज्या दोन दिव्यांच्या किमतीत दुकानदाराशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली, त्यांनी पाच वर्षांत खाल्लेली ही रक्कम आहे. त्याच जागी १० वॉटचे दोन दिवे रात्रभर लावले तर वर्षाला सुमारे ८८ युनिट, म्हणजे ८८० रुपयांच्या आत काम होते.

ह्यात आणखी एक मेख आहे, ती बिलाच्या कागदावर नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून पुष्कळ चढा दर आणि पुढे आणखी चढे दर असे टप्पे आहेत. एखाद्या घराचा बाकी सगळा वापर ९० युनिटांचा असेल आणि त्यावर हे ३६ युनिट पडले, तर एकूण १२६ होतात आणि २६ युनिट दुसऱ्या टप्प्यात जाऊन बसतात. पंखा, शीतपेटी, पाण्याचा पंप ह्यांच्याशिवाय घर चालत नाही; त्यांनी टप्प्याची खालची जागा अगोदरच व्यापलेली असते. बाहेरचा दिवा हा त्या ओळीत शेवटी येऊन उभा राहतो, म्हणून त्याला लागणारा दर हा नेहमी आपल्या बिलातला सर्वांत चढा दर असतो. आपल्याला वाटते, सरासरी दराने पैसे जात आहेत; प्रत्यक्षात माथ्यावरच्या दराने जात असतात.

असो. पैसे गेले, पण चोर तरी टळला की नाही? येथे आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे, कारण ‘उजेड आहे तेथे चोर येत नाही’ हे वाक्य आपण वेदवाक्यासारखे धरून चाललो आहो. घराच्या दिव्यांची तपासणी सहसा कोणी केलेली नाही, परंतु रस्त्यांच्या आणि वसाहतींच्या दिव्यांची परदेशी झालेली आहे. तिचे निष्कर्ष मोठे विचारात पाडणारे आहेत. अमेरिकेत शिकागो शहरी बोळांतले दिवे बदलून अधिक प्रखर केले. २००० सालच्या अहवालात असे दिसले, की त्या बोळांत नोंदलेले गुन्हे कमी न होता सुमारे २१ टक्क्यांनी अधिक भरले. उलट न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी गृहवसाहतींच्या आवारांत मोठे दिवे नेऊन उभे केले, तेव्हा तेथील रात्रीचे बाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे एक-तृतीयांशाने घटले. आणि इंग्लंड-वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या आकड्यांवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यांवरचे दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा आढळला नाही.

तीन ठिकाणची ही तीन उत्तरे. वाचकाने गोंधळून जाऊ नये. शिकागोच्या बाबतीत एक शंका अशीही घेतली जाते, की उजेड वाढल्यामुळे गुन्हे वाढले नसतील, दिसू लागले व नोंदले गेले असतील. आम्ही ह्या सर्वांतून इतकेच काढतो, की दिवा स्वतः काहीच पाहत नाही. पाहतो तो माणूस. ज्या आवारात शंभर खिडक्या उघडतात, तेथे दिव्याला शंभर डोळे मिळतात. ज्या मागच्या बोळात कोणाचीही खिडकी उघडत नाही, तेथे लावलेला दिवा चोरट्याला कुलूप नीट दिसावे एवढेच करतो, आणि त्याची बॅटरी वाचवितो. यास्तव दिवा कोठे लावावा हे ठरविण्यापूर्वी, तेथे कोणाची नजर जाते हे पाहावे. नजर जात नसेल तर तेथे दिव्यापेक्षा चांगली जाळी आणि जाड कडी ह्यांवर पैसे घालणे शहाणपणाचे.

नजर आहे म्हटल्यावर तिला दिसते काय, हा पुढचा मुद्दा. मनुष्याच्या डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. ती मोडावयास मात्र एक झगझगीत दिवा आणि एक क्षण पुरे होतो. फाटकाच्या खांबावर तोंडासमोर झोत आला, की बाहुली आकसते आणि दिव्याच्या मागे, कडेला, झाडाखाली जे काही आहे ते सगळे काळ्या पडद्याआड जाते. वय वाढेल तसा डोळ्यात कमी उजेड शिरतो आणि तिरीप अधिक बाधते. म्हणजे ज्या वृद्ध जोडप्याची मुले पुण्यामुंबईला किंवा परदेशी आहेत आणि जे मोठ्या दिव्यावर भरवसा ठेवून झोपतात, त्यांनाच त्या दिव्याने सर्वांत कमी दिसते. कॅमेऱ्याचीही तीच गत. तोंडावर दिवा असलेल्या कॅमेऱ्यात मनुष्याची केवळ काळी आकृती उमटते.

ह्याची एक बिनखर्ची परीक्षा आहे. रात्री ओट्यावर उभे राहावे, फाटकाकडे पाहावे आणि दिवा झाकला जाईल असा तळहात डोळ्यांपुढे धरावा. दिवा हाताआड गेल्यावर कुंपणाजवळचे अधिक दिसू लागले, तर तो दिवा आपल्या नव्हे, येणाऱ्याच्या सोयीचा आहे असे समजावे.

उपाय दिवा बदलण्यात असतोच असे नाही. पुष्कळदा तो मान खाली वळविण्यात असतो. वरून टोपी असलेला, जमिनीकडे पाहणारा, भिंतीवर आठ-दहा फुटांवर बसविलेला १० वॉटचा दिवा पायरी, चपला, कडी आणि आलेल्या माणसाचा चेहरा पुरेसा दाखवितो. उंचीचे गणित येथे ध्यानात घ्यावे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की पडणारा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. दहा फुटांवरचा दिवा हौसेने वीस फुटांवर गच्चीच्या कठड्याला नेला, तर खाली तेवढाच उजेड मिळावयास चौपट वॉट लागतील, आणि एवढे करून त्याचा पुष्कळसा भाग समोरच्या शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत जाईल. शेजारी मग पडदे लावतो, खिडकी बंद करतो, आणि आपल्या घरावर असलेली एकुलती एक फुकटची नजर आपण आपल्याच पैशाने मिटवून टाकतो. आकाशाकडे गेलेला उजेड तर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आपल्याच महाराष्ट्रात पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता मिळाली, देशातली ती पहिलीच. तेथे तारे दिसावेत म्हणून दिव्यांची तोंडे खाली वळविली. आपल्या गल्लीत तारे दिसावेत असा आग्रह आम्ही धरीत नाही, पण आकाश उजळविण्याचे बिल आपण का भरावे?

रंगाविषयी एकच सांगतो. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात. किडे कमी तर पाली कमी, पाली कमी तर भिंत आणि गृहिणी दोन्ही शांत राहतात.

सर्वांत स्वस्त सुरक्षितता कोणती, असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही दिव्याचे नाव न घेता बटणाचे घेऊ. बाहेरच्या सर्व दिव्यांचे एक बटण झोपण्याच्या खोलीत, उशाशी असावे. रात्री दोनला मागे काही वाजले, तर मनुष्य सवयीने आधी खोलीतला दिवा लावतो. त्यासरशी तो स्वतः उजेडात येतो आणि खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. बाहेरच्याला मात्र तो स्पष्ट दिसतो. उलट आतला काळोख तसाच ठेवून बाहेरचे दिवे एकदम लागले, तर उजेडात तो आणि काळोखात आपण, अशी बाजू फिरते. ह्यासाठी लागते ते एक दुहेरी बटण आणि थोडी जास्त वायर. घर बांधतानाच सांगितले तर हा खर्च नगण्य. नंतर भिंत फोडून करावयाचा तर पुष्कळ.

हेच काम माणसावाचून करणारा दिवा म्हणजे सेन्सरचा दिवा. त्याची रीत मोठी गमतीची आहे. मनुष्याचे शरीर ऊबेमुळे डोळ्यांना न दिसणारे किरण सतत बाहेर टाकीत असते. सेन्सरच्या पुढे बसविलेल्या खाचाखाचांच्या भिंगामुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात, आणि ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की दिवा लागतो. ह्यावरून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, आडवा चालणारा त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्या रोखाने येणारा उशिरा कळतो. म्हणून सेन्सर फाटकाकडे तोंड करून लावण्यापेक्षा येणाऱ्याच्या वाटेला आडवा लावावा. दुसरी, ऊब ओळखावयाची ती भोवतालच्या मानाने. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात रात्रीचे नऊ वाजले तरी तापलेल्या भिंती अंगाइतक्याच गरम असतात, तेव्हा त्याची जाण मंदावते. कोकणात किंवा महाबळेश्वरी हा प्रश्न नाही. मांजरे मात्र सर्वत्र आहेत, आणि ती दिवा लावतात. लावू द्यावी. हिशोब पाहा: २० वॉटचा दिवा रात्रीतून वीस वेळा दोन-दोन मिनिटे लागला, तरी वर्षाचे पाच युनिटसुद्धा होत नाहीत. सेन्सर स्वतः चोवीस तास अर्धा वॉट घेतो असे धरले तर त्याचे चार-साडेचार. दारापाशी पाच वॉटचा मंद दिवा रात्रभर ठेवला, त्याचे बावीस. सगळे मिळून वर्षाला सुमारे ३१ युनिट, म्हणजे आपल्या धरलेल्या दराने ३१० रुपये. मघाच्या ४,३८० शी हे ताडून पाहावे. शिवाय रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एकाएकी लागलेल्या दिव्याकडे शेजारचा कुत्रादेखील मान वळवितो.

सूर्यशक्तीवरच्या दिव्यांविषयी आता पुष्कळ विचारणा होते, कारण त्यांना वायर नको आणि बिल नको. ते खोटे नाही. पण खोक्यावरचा ‘१०० वॉट’ हा आकडा वाचून फसू नये. आत काय आहे ते पाहावे. समजा, त्यात ३.७ व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. दोहोंचा गुणाकार ७.४ वॉट-तास. हे बारा तासांत वाटले तर तासाला ०.६ वॉट येतात. एवढ्या शिदोरीवर १०० वॉट कोठून जळणार? तो दिवा मंद राहून चाहूल लागताच क्षणभर उजळणारा असेल तर परसात, वायर नेणे अवघड अशा जागी, तो उपयोगी पडेल. पण पॅनेलवर धूळ आणि पाखरांची घाण साचते, आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, आणि बॅटरी थोड्या वर्षांत थकते. ज्या रात्री गडगडाटात आणि पावसात दाराचा आवाज ऐकू येत नाही, नेमक्या त्याच रात्री तो अंधारात असण्याचा संभव अधिक. वीज जाणाऱ्या गावांत मात्र असा एक दिवा जोडीला असावा. २००५ नंतरच्या काही वर्षांत ज्यांनी तासन्‌तासांचे भारनियमन सोसले, त्यांना हे सांगावयास नको.

आता खर्चाच्या ज्या भागात काटकसर करू नये, तिकडे वळतो. आजवर आम्ही पैसे वाचविण्याच्या गोष्टी केल्या. येथे पैसे घालण्याच्या करावयाच्या आहेत.

भिंतीतून बाहेर वायर काढावयाची म्हणजे भोक, पाइप, पाणी न शिरणारी पेटी, तीन तारांची चांगली केबल, बटण आणि शिडीवर चढून काम करणाऱ्याची मजुरी आली. ५०० रुपयांच्या दिव्यामागे हे २,००० ते ३,००० रुपये सहज होतात. गावोगाव मजुरी निराळी आणि तांब्याचा भाव रोज निराळा, म्हणून हा आकडा अदमासाचा समजावा. येथेच गृहस्थाच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘दहा वॉटचा तर दिवा! त्याला तिसरी तार कशाला, पाइप कशाला? घरात पडलेली वायर जोडा आणि द्या सोडून.’ ही वायर मग खिडकीच्या फटीतून बाहेर येते, कपडे वाळत घालावयाच्या तारेला वेटोळे घालीत जाते आणि फाटकाच्या लोखंडी खांबाला सुतळीने बांधली जाते.

ह्या ‘दहा वॉटच्या’ समजुतीत मृत्यू दबा धरून बसला आहे. २३० व्होल्टवर १० वॉटचा दिवा जो प्रवाह घेतो तो सुमारे ४३ मिलिअँपिअर. मनुष्याच्या अंगातून १० ते १५ मिलिअँपिअर गेले की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय ह्यांची खैर राहत नाही. म्हणजे आपण ज्याला क्षुल्लक दिवा म्हणतो, त्याला उजळावयास लागणारी वीज माणसाला विझवावयास पुरून उरते. आणि दिवा लहान असो की मोठा, उघड्या पडलेल्या तारेतले व्होल्ट तेच असतात. मीटरपाशी एम.सी.बी. आहे, ती पडेल, हा भरवसाही येथे व्यर्थ आहे. ती बहुधा ६ अँपिअरची, म्हणजे ६००० मिलिअँपिअरची. ती वायर जळू नये म्हणून बसविलेली आहे, माणूस मरू नये म्हणून नव्हे. तिच्या लेखी ५० मिलिअँपिअर ही गणतीतही न धरावयाची बाब आहे.

उन्हाने कडक होऊन तडकलेली वायर, पहिल्या पावसाने भिजलेले लोखंडी फाटक, अनवाणी पाय आणि दूध घ्यावयास निघालेले घरातले कोणी. ह्यात अपघात घडावयास योगायोग लागत नाही. वाळत घालावयाच्या तारेत वीज उतरून एक जण चिकटला, त्याला सोडवावयास दुसरा धावला, अशा बातम्या पावसाळ्यात आपण वाचतो आणि पान उलटतो.

म्हणून तिसरी तार, जिला आपण अर्थिंग म्हणतो, ती बाहेरच्या प्रत्येक धातूच्या दिव्याला आणि खांबाला जोडलेलीच हवी, आणि ती जमिनीतल्या चांगल्या अर्थिंगपर्यंत पोचलेली हवी. बोर्डाच्या आत गाठ मारून सोडलेली नव्हे. आणि मुख्य पेटीत आर.सी.सी.बी. हवी, बाजारात तिला अजूनही जुन्या नावाने ई.एल.सी.बी. म्हणतात. ती काय करते? एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने पुरता परत आला की नाही, एवढेच ती सतत पाहते. ३० मिलिअँपिअर वाट चुकून माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेले, की क्षणार्धात वीज तोडते. तिची किंमत दिव्याच्या तिप्पट-चौपट असते, आणि सबंध घराला एक पुरते. ज्याला दिवा आणि ही पेटी ह्यांपैकी एकच परवडत असेल, त्याने ही घ्यावी आणि आणखी सहा महिने अंधारात काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चोर एखादे वेळी येईल; पाऊस दर वर्षी येतो.

दिव्याच्या खोक्यावर ‘आय.पी.’ असे लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे उडालेले शिंतोडे सोसणारा. ६५ म्हणजे धूळ आत न घेणारा आणि पाण्याची धार सोसणारा. पागोळ्यांखाली किंवा उघड्या भिंतीवर ६५ पेक्षा कमी घेऊ नये. तरीही दिवा जलाभेद्य असून उपयोग काय, जर त्याचा जोड बाहेर काळ्या पट्टीने गुंडाळलेला असेल! पाणी दिव्यात शिरत नाही, जोडात शिरते. जोड पेटीतच असावा, पेटीत वायर खालून शिरावी, आणि शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकून जाते. ह्या झोळाला एक पैसाही पडत नाही. फक्त मिस्त्रीला काम चालू असताना सांगावे लागते, कारण तो शिडीवरून उतरला की पुन्हा चढत नाही.

घर बांधणे चालू असेल त्यांनी, आज दिवा लावावयाचा नसला तरी, फाटकापर्यंत आणि परसापर्यंत जमिनीखालून एकेक रिकामा पाइप टाकून त्यात दोरी ओवून ठेवावी. आणि ज्यांचे दिवे लागलेले आहेत, त्यांनी मृगाच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुख्य वीज बंद करून दिव्याच्या काचेवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, वायर कोठे उंदरांनी कुरतडली आहे काय हे हाताने नव्हे, डोळ्यांनी पाहावे, आणि वीज पुन्हा चालू झाल्यावर आर.सी.सी.बी.वर ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण असते ते दाबावे. खट्‌ असा आवाज होऊन घरातली वीज गेली पाहिजे. ती गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.